आज घ्यायला कोण येणार?

आमच्या घरात सकाळच्या चहाआधी एक प्रश्न उठत असे. मुन्नी डोळे चोळत स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन उभी राही आणि विचारी, "आज घ्यायला कोण येणार?" सोडायला कोण येणार, हे तिने कधीच विचारले नाही. सोडणारे माणूस समोरच असते. लहान मुलाची सगळी चिंता परत नेणाऱ्याची असते.

'आम्ही' म्हणजे दोघे नवरा-बायको. एक एसटीत वाहक, म्हणजे लोकांच्या भाषेत कंडक्टर. दुसरी मिरजेतल्याच एका खासगी रुग्णालयात परिचारिका, म्हणजे सिस्टर. हा लेख दोघांनी मिळून लिहिला आहे, कारण त्यातली चूक दोघांची आहे. कुणाची किती, याचा हिशेब आम्ही बरेच दिवस केला. आता सोडून दिला आहे.

मीरासाहेबांचा दर्गा, सतारमेकरांची गल्ली आणि रेल्वेचे जंक्शन यांमुळे मिरज बाहेरच्यांना ठाऊक असते. पण हे दवाखान्यांचेही गाव आहे. पहाटे रस्त्यावर उभे राहून पाहिले तर दोनच प्रकारची माणसे दिसतात. काही गाडी पकडायला निघालेली, काही दवाखान्याच्या पाळीला. आमचे घर या दोन्हींत वाटले गेले आहे. सिस्टरची पाळी सकाळी आठ ते दोन, दुपारी दोन ते रात्री आठ, नाहीतर रात्री आठ ते सकाळी आठ. कंडक्टरची ड्यूटी डेपोच्या फळ्यावर लागते. कधी पहाटे पाचची गाडी, कधी दुपारची, कधी मुक्कामी. मुक्कामी गाडी म्हणजे संध्याकाळी एखाद्या गावी जायचे, रात्री तिथेच झोपायचे आणि सकाळी तीच गाडी घेऊन परत यायचे. त्या रात्री घरात एकाची उशी रिकामी. दुसरीला रात्रपाळी असेल तर दोन्ही.

मुन्नीचा जन्म 2019 चा. बाळंतपणाची सव्वीस आठवड्यांची रजा संपली आणि ती दादीच्या मांडीवर गेली. दादी म्हणजे आमच्या अम्मी. कोविडची दोन वर्षे घरातल्या सिस्टरने कशी काढली, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. ऑक्टोबर 2021 च्या अखेरीस एसटीचा संप सुरू झाला, तो एप्रिल 2022 पर्यंत चालला. त्या काळात एक पगार बंद होता आणि घर दुसऱ्या पगारावर चालले. कंडक्टर घरी बसून होता. त्याने त्या दिवसांत मुन्नीची वेणी घालायला शिकून घेतली. संपाने बरेच काही नेले, पण हे दिले. हे इथे मुद्दाम सांगून ठेवतो. पुढे नातेवाइकांनी काय सल्ला दिला ते वाचताना लक्षात असावे.

जून 2022 मध्ये मुन्नीला नर्सरीत घालायचे ठरले. आपल्या साहित्य संमेलनांत मुलांच्या माध्यमावर किती चर्चा होते, हे आपणांस ठाऊकच आहे. मराठी की उर्दू, उर्दू की इंग्रजी? आम्हीही तासन्‌तास वाद घालणाऱ्यांपैकी. पण प्रत्यक्ष शाळा शोधायला निघालो तेव्हा माध्यमाचा प्रश्न तिसऱ्या क्रमांकावर गेला. पहिला प्रश्न हा की अम्मींच्या गुडघ्यांना तिथपर्यंत चालवेल का? दुसरा हा की वाटेत मोठा रस्ता ओलांडावा लागतो का? या दोन्हींत बसणारी एकच नर्सरी निघाली. ती मराठी होती, म्हणून मुन्नी मराठीत शिकू लागली. आमच्या भाषाप्रेमाचे कौतुक कुणी केले की आम्ही गप्प बसतो. ते श्रेय अंतराचे आहे.

नर्सरीची वेळ नऊ ते साडेअकरा. फक्त अडीच तास. बाईंना आम्ही विचारले, की साडेअकराला कुठल्या नोकरीतून सुटी मिळते? त्या हसल्या. म्हणाल्या, "घरी कोणी ना कोणी असतंच की." या एका वाक्यावर आपल्याकडची सारी बालवाडी उभी आहे. घरी कोणीतरी असते. ते कोण, त्याला काही काम आहे का, त्याचे पाय दुखतात का, हे विचारण्याची पद्धत नाही.

हे सगळे आधी असेच होते असेही नाही. ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचे काम सुरू केले. मुले बालवाडीत येत नसतील तर बालवाडीने मुलांच्या अंगणात जावे, हा विचार त्यांचा. अंगणवाडी हा शब्द त्यातूनच आला. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. पुढे 2 ऑक्टोबर 1975 ला केंद्राची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी गावोगावी पोचली. पण अंगणवाडी काय, नर्सरी काय, दुपारी सुटतेच. मूल अंगणातून उचलून घरात नेणारे कोणीतरी लागतेच.

कायद्याने यावर थोडा विचार केला आहे. 2017 मध्ये मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली. रजा सव्वीस आठवड्यांची झाली, आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर असावे, आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यावे, असे ठरले. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही पाळणाघराची तरतूद आली. आमच्यातल्या सिस्टरने एकदा रुग्णालयाच्या कार्यालयात जाऊन हा विषय काढला. उत्तर तेच मिळाले: "सिस्टर, तुमच्या घरी तर सासूबाई आहेत!" आणि गंमत पाहा, चार वेळा भेटीला जायची मुभा आहे ती आईला. बापाचा त्यात उल्लेख नाही. आमच्यातला कंडक्टर हे वाचून म्हणाला, "म्हणजे कायद्याच्या लेखी मी मुक्कामीच."

तर 'घरी कोणीतरी' म्हणजे आमच्या अम्मी. सकाळी मुन्नीला सोडायचे काम आमच्यापैकी जो असेल तो करी, नसेल तर अम्मी. साडेअकराला आणायचे काम मात्र बहुतेक अम्मींचेच. आम्ही कागदावर एक तक्ता केला होता. त्यात दोन रकाने होते, एक कंडक्टरचा, एक सिस्टरचा. दर महिन्याला वॉर्डातली ड्यूटी लिस्ट लागली, डेपोतली ड्यूटी कळली, की आम्ही रकाने भरत असू. ज्या दिवशी दोन्ही रकाने अडलेले असत, तो चौकोन कोरा ठेवत असू. कोरा चौकोन म्हणजे अम्मी. असे कुठे लिहिलेले नव्हते, कारण लिहायची गरज वाटली नव्हती.

त्या वर्षी 10 जुलैला आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली. पंढरपूरच्या जादा गाड्या लागल्या, रजा बंद झाल्या. आमच्यातल्या कंडक्टरने ईदची नमाज पंढरपुरातच पढली आणि वारकऱ्यांनी भरलेल्या गाडीवर चढला. तो सगळा आठवडा तक्त्यात कोरे चौकोनच चौकोन होते. अम्मींनी ते निभावले. सणाची तयारी, पाहुणे, पाऊस, आणि साडेअकराला फाटकाशी हजर. आम्ही दोघांनी एकमेकांना शाबासकी दिली, की बघ, जमले की आपल्याला!

मग 23 ऑगस्ट 2022 उजाडला. मंगळवार होता.

मंगळवार हा कंडक्टरचा साप्ताहिक सुटीचा दिवस. अम्मींच्या धाकट्या बहिणीचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते. जयसिंगपूरला जाऊन दिवसभर तिच्याजवळ बसायचे असे अम्मींनी ठरवले आणि तीन दिवस आधी सुनेला सांगितले, "मंगळवार कू मैं नही रहती." सुनेच्या मनात आले, मंगळवारी तर हे घरीच असतात. म्हणून तिने नवऱ्याला वेगळे सांगितले नाही. पहाटे साडेचारला डेपोतून फोन आला. गणपतीच्या जादा गाड्यांची जुळवाजुळव चालली होती, त्यात एक वाहक आजारी पडला, सुटी रद्द. कंडक्टर उठला, कपडे चढवले आणि अर्धवट झोपेतल्या बायकोला म्हणाला, "डेपोत जाऊन येतो."

आपल्याकडे घराबाहेर पडताना 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. अब्बांनी लहानपणापासून शिकवलेले. त्याने सवयीने म्हटले. तिने मात्र शब्दशः ऐकले. डेपोत जाणार आणि येणार. त्याच्या मनात होते, अम्मी आहेतच, सांगायचे काय? तिच्या मनात होते, तो येतोच आहे, विचारायचे काय? ती सातला पाळीवर गेली. अम्मींनी नऊला मुन्नीला सोडले आणि तिथूनच जयसिंगपूरची गाडी धरली. मुलगा डेपोतून येईलच, या भरवशावर.

साडेअकराला नर्सरी सुटली. बाकीची मुले गेली. रिक्षावाले मामा आपली सात मुले मोजून घेऊन गेले. मुन्नी दप्तर पाठीला लावून पायरीवर बसून राहिली.

बाईंनी फोन लावले. कंडक्टरचा फोन पिशवीत, गाडी खचाखच भरलेली. सिस्टरचा फोन कपडे बदलायच्या खोलीत, कुलुपात. वॉर्डात फोन न्यायचा नाही असा नियम. तिसरा नंबर लावायला नर्सरीकडे नव्हताच. अम्मींकडे फोन होता, बटणांचा, नेहमी चार्ज केलेला. पण प्रवेशाच्या फॉर्मवर वडील आणि आई असे दोनच रकाने होते. रोज मुलीला न्यायला येणाऱ्या माणसाचा नंबर कुठेच लिहिलेला नव्हता.

दोन वाजता सिस्टरची पाळी संपली. वॉर्डातून बाहेर येऊन तिने फोन हातात घेतला. अकरा मिस्ड कॉल होते. ती कशी पोचली हे तिला आजही नीट सांगता येत नाही. रिक्षा केली होती, पैसे दिले की नाही आठवत नाही. दुसऱ्या दिवशी त्या रिक्षावाल्याला शोधून विचारले, तेव्हा कळले की दिले नव्हते.

अडीच वाजले होते. फाटक लोटलेले होते. आत पायरीवर मुन्नी आणि नर्सरीतल्या मदतनीस मावशी बसल्या होत्या. मावशींनी आपल्या डब्यातली चपाती गुळाबरोबर तिला खाऊ घातली होती. मुन्नी रडत नव्हती. आईला पाहून ती धावत आली नाही. जागेवरूनच म्हणाली, "मम्मी, आज कुणाचाच नंबर नव्हता का?" नंबर म्हणजे पाळी. आमचे रोजचे बोलणे तिने बरोबर उचलले होते. 'आज तुझा नंबर, उद्या माझा नंबर.' आम्ही हे हसतखेळत बोलत असू. तिच्या तोंडून ते वाक्य ऐकले आणि आमचे हसणे संपले.

मावशींचे काम बाराला संपते. त्यानंतर एकाच्या सुमारास त्या एका घरी भांडी घासायला जातात. त्या दिवशी गेल्या नाहीत. त्यांची स्वतःची मुलगी शाळेतून येऊन आईला शोधत नर्सरीपर्यंत आली आणि तीही पायरीवर बसून राहिली. आम्ही संध्याकाळी दोघेही त्यांच्या घरी गेलो. पाकिटात पैसे घालून नेले होते. त्यांनी पाकीट परत सरकवले. "पैशाचं असू दे ओ ताई. ती भांड्यावाली बाई लई कडक आहे. तिला जाऊन सांगा, मी उगाच दांडी मारली न्हाई म्हणून." आम्ही त्या घरी गेलो. दार उघडणाऱ्या बाईंना सांगितले, की आमची मुलगी आम्ही विसरलो होतो, म्हणून तुमची भांडी राहिली. 'आमची मुलगी आम्ही विसरलो होतो' हे वाक्य आम्ही पहिल्यांदा एका परक्या दारात मोठ्याने उच्चारले. त्या बाईंनी काही न बोलता पाण्याचे दोन पेले आणून दिले.

घरी आल्यावर जे व्हायचे ते झाले. मुन्नी झोपल्यावर आम्ही भांडलो. 'तू म्हणालास जाऊन येतो.' 'तू सांगितलं नाहीस अम्मी नाहीत.' दोघांचेही खरे होते, त्यामुळे भांडण संपेना. शेवटी आमच्यापैकी एकाच्या तोंडून निघून गेले, "अम्मी आजच गेल्या नसत्या तर हे झालंच नसतं." कोणाच्या तोंडून, ते इथे लिहायचे नाही असे ठरले आहे. खरे सांगायचे तर ते दोघांच्याही मनात होते.

अम्मी जयसिंगपूरहून परतून आतल्या खोलीत पडल्या होत्या. आम्हाला वाटले झोपल्या. त्या बाहेर आल्या. त्यांचा आवाज चढला नाही. म्हणाल्या, "मैं तीन दिन पयले बोली थी." मग मुलाकडे पाहून, "तेरेकू हप्ते में एक सुट्टी." सुनेकडे पाहून, "इसकू भी एक सुट्टी." आणि मग थांबून, "मेरी सुट्टी का वार कौनसा?"

आम्ही दोघेही संघटनेत आहोत. साप्ताहिक सुटी रद्द झाली तर बदली सुटी कशी मागायची, जादा तासांचा हिशेब कसा लावायचा, हे आम्हाला पाठ आहे. ज्या संपात सहा महिने काढले, तो संप कशासाठी होता हे आम्ही लोकांना समजावून सांगत असू. आणि आमच्याच घरात, तीन वर्षांपासून, एक माणूस एकही सुटी न घेता कामावर होते. तिचा पगार नाही, रजा नाही, नाव रकान्यात नाही. ती एकदा गेली, तीन दिवस आधी सांगून गेली, तर आम्ही तिला गैरहजर ठरवले.

बातमी मोहल्ल्यात पसरायला वेळ लागला नाही. चार दिवसांत सल्ले सुरू झाले. बहुतेकांचा सल्ला एकच होता. सुनेने नोकरी सोडावी. एक खाला म्हणाल्या, "लेकरू पायरीवर बसतं, अशी कमाई काय कामाची?" एक चुलते म्हणाले, मुलगी मोठी होईपर्यंत चार वर्षे घरी राहिली तर काय बिघडते? चार महिन्यांपूर्वीपर्यंत याच कमाईवर घरातला चहा झाला होता आणि तो या सगळ्यांनी प्यायला होता. पण तसे तोंडावर म्हणता येत नाही. आणि पायरीवरची मुन्नी डोळ्यांसमोरून हलत नव्हती. खरे म्हणजे सिस्टरने एका रात्री राजीनाम्याचा अर्ज लिहूनही ठेवला होता. उशीखाली.

तो अर्ज अम्मींना सापडला. त्यांचे शिक्षण चौथीपर्यंतचे, मराठी शाळेतले. त्यांनी सावकाश, अक्षर लावत वाचला. मग त्यांनी सुनेला जवळ बसवून जे सांगितले ते आम्हाला नवे होते. अब्बा गेल्यानंतर त्यांनी शिवणकाम करून घर चालवले, हे ठाऊक होते. पण ते कसे, हे आम्ही कधी विचारले नव्हते. मुलगा, म्हणजे आजचा हा कंडक्टर, झोळीत. झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधलेली, दुसरा पाय मशीनवर. शेजारच्या मराठा घरातल्या काकू दुपारी त्याला घेऊन जात, तेवढ्या वेळात काज-बटणांचे काम उरके. अम्मी म्हणाल्या, "वो काकी नही रहती तो मैं क्या करती? उनका नाम तेरे मरद कू मालूम बी नही." खरोखरच मालूम नव्हते. मग त्यांनी अर्जाची घडी घालून सुनेच्या हातात दिली. "नोकरी नको छोड. मेरा वार लिख."

त्या रात्री आम्ही दोघे पुन्हा बोललो, पण भांडलो नाही. बोलता बोलता एक गोष्ट ध्यानात आली, आणि ती इतकी साधी होती की लाज वाटली. वॉर्डात पाळी बदलताना एक सिस्टर दुसरीला खाटेखाटेवरून फिरवते. याचे सलाईन कधी लावले, त्याचे इंजेक्शन किती वाजता, कोणाला रात्री ताप होता. हा हॅन्डओव्हर झाल्याशिवाय, बदली सिस्टर समोर येऊन उभी राहिल्याशिवाय, पहिलीने वॉर्ड सोडायचा नाही. एसटीतही तेच. ड्यूटी संपली की तिकिटाचे यंत्र, वे-बिल, रोकड, सगळे मोजून द्यायचे आणि सही घ्यायची. दहा रुपये कमी भरले तरी खुलासा द्यावा लागतो. आमचे दोघांचेही आयुष्य सुपूर्द करण्याच्या नियमांत गेलेले. आणि मुलगी मात्र 'असेल कोणीतरी' या भरवशावर हातातून हातात फिरत होती. तिची सही कोणी घेत नव्हते.

जुना तक्ता फाडला. नवा केला, तो तीन रकान्यांचा. मंगळवारी अम्मींच्या रकान्यात ठळक 'सुटी' लिहिले. कोरा चौकोन ठेवायचा नाही हा पहिला नियम. ज्याचा नंबर बदलेल त्याने बाकी दोघांना तोंडाने सांगायचे आणि दोघांनी 'ऐकले' असे म्हणायचे, हा दुसरा. 'जाऊन येतो' म्हटले की किती वाजता, हे विचारायचे, हा तिसरा. मुन्नीला वाचता येत नव्हते, म्हणून तिने स्वतः चित्रे काढली. बापाच्या नंबरला लाल गाडी, आईच्या नंबरला सुई, दादीच्या नंबरला चष्मा. फळीच्या खाली, तिच्या उंचीवर तक्ता लावला. आता ती सकाळी आम्हाला न विचारता तक्त्यापुढे जाऊन उभी राही.

पण तक्ता करणे सोपे, मंगळवार सांभाळणे अवघड. डेपोत अर्ज करूनही साप्ताहिक सुटी दर वेळी मिळेच असे नाही. वॉर्डात पाळी बदलून घ्यायची तर दुसऱ्या सिस्टरची रात्रपाळी आपण करायची. जेव्हा काहीच जमत नसे तेव्हा मावशी मुन्नीला आपल्या घरी नेत आणि दोनपर्यंत सांभाळत. त्याचे पैसे आम्ही महिन्याच्या महिन्याला देऊ लागलो, उपकार म्हणून नव्हे, कामाचे म्हणून. मावशींनी एकाची भांडी दुपारी तीनवर नेली. मुन्नी तिथे मावशींच्या मुलीबरोबर बिट्ट्या खेळायला शिकली. महिनाअखेरीस हिशेब बसवताना ओढाताण होई. कंडक्टरने चहाबरोबरची भजी बंद केली, सिस्टरने नवी चप्पल पुढच्या महिन्यावर ढकलली. दोन पगारांतला काही भाग तिसऱ्या आणि चौथ्या हाताचा असतो, हे एकदा मान्य केले की मग त्याचे दुःख होत नाही.

नर्सरीच्या फॉर्मवर अम्मींचे नाव आणि नंबर घालायला आम्ही गेलो. बाईंनी फॉर्म काढला, दोन रकाने भरलेले पाहिले आणि म्हणाल्या, "कुठं लिहू?" शेवटी समासात लिहिले. आडवे, बारीक अक्षरांत. दुसऱ्या वर्षीच्या छापील फॉर्मवर मात्र एक नवी ओळ आली होती: 'मुलास नेण्यास येणारी व्यक्ती'. ती आमच्यामुळे आली की कशी, ते आम्ही विचारले नाही.

एसटीत 'हिरकणी' नावाच्या गाड्या आहेत आणि बसस्थानकांवर हिरकणी कक्ष आहेत. आमच्यातला कंडक्टर हे नाव रोज वाचतो. हिरकणीची गोष्ट आपण सर्वांनी शाळेत ऐकलेली. गवळण रायगडावर दूध विकायला गेली, संध्याकाळी गडाचे दरवाजे बंद झाले, घरी तान्हे बाळ होते म्हणून ती अवघड कड्यावरून उतरून गेली. महाराजांनी तिथे बुरूज बांधला. नोकरी करणाऱ्या प्रत्येक आईच्या वाट्याला असा एक बंद दरवाजा आणि असा एक कडा येतो. त्या मंगळवारी दोन वाजता रिक्षात बसलेली सिस्टर तोच कडा उतरत होती. पण आता ती गोष्ट आठवली की आम्हाला दुसराच प्रश्न पडतो. हिरकणी गडावर होती तेवढा वेळ ते बाळ कुणाजवळ होते? आम्हाला शाळेत हे कोणी सांगितले नाही, आणि आम्हीही विचारले नाही. जिने ते मांडीवर घेतले असेल तिच्या नावाचा बुरूज नाही.

अम्मींच्या मंगळवारांविषयी आम्हाला फारसे सांगता येणार नाही, कारण त्या कुठे जातात हे विचारायचे नाही असे ठरले आहे. सुटीवरच्या माणसाला कुठे गेलात असे डेपोत कोणी विचारत नाही. कधी जयसिंगपूर, कधी दर्गा. कधी लक्ष्मी मार्केटमधून उगाच फिरून, हात हलवत परत. एकदा तर त्या दिवसभर घरीच होत्या, आतल्या खोलीत पडून रेडिओ ऐकत. साडेअकरा वाजले, पावसाची सर आली, कंडक्टर छत्री घेऊन नर्सरीकडे निघाला. अम्मींनी पडल्या पडल्या पाहिले आणि कूस बदलली. त्या उठल्या नाहीत, याचा आम्हाला जितका आनंद झाला तितका क्वचितच कशाचा झाला असेल.

मुन्नी आता मोठ्या शाळेत जाते. शाळेची वेळ मोठी आहे, रिक्षा दारात येते आणि दारात सोडते. 'आज घ्यायला कोण येणार?' हा प्रश्न आता ती विचारत नाही. तक्त्याची जागा कॅलेंडरने घेतली आहे, पण त्यावर मंगळवारच्या चौकोनांत अजूनही चष्म्याचे चित्र असते आणि त्यावर काट मारलेली असते.

मध्यंतरी एका मंगळवारी अम्मी जयसिंगपूरला निघाल्या. हातात पिशवी, डोक्यावरून पदर सारखा करत दारात उभ्या. मुन्नी दप्तर भरत होती. तिने मान वर करून विचारले, "दादी, तुला घ्यायला कोण येणार?"

अम्मी हसल्या. "मेरेकू? मैं आती अपने पावाँ से."

मुन्नीने आमच्याकडे पाहिले. आम्ही एकमेकांकडे पाहिले. तीन वर्षे रोज साडेअकराला फाटकाशी उभ्या राहिलेल्या या बाईला आणायला आजवर कोणीच गेले नव्हते.

त्या दिवशी कंडक्टर सुटीवर होता. संध्याकाळी जयसिंगपूरची गाडी मिरजेच्या स्थानकात शिरली, तेव्हा तो साध्या कपड्यांत फलाटावर उभा होता. गाडीच्या दारातल्या वाहकाने त्याला ओळखून विचारले, "काय राव, आज इकडे कुठं?"

तो म्हणाला, "अम्मीला घ्यायला आलोय. आज माझा नंबर आहे."